गिरणी कुणाची?
(जाँ गिम्पेल यांच्या 'द मिडीव्हल मशीन' या पुस्तकाच्या निमित्ताने)

परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाची सभासदयादी उघडा, इंजिनिअरांना तोटा नसतो. तरीही आपल्या स्मरणिकांत यंत्रांविषयी लिहिलेलं क्वचितच सापडतं. प्रवासवर्णनं असतात, पाककृती असतात, आजोळच्या आठवणी असतात, कविता तर असतातच असतात. यंत्र म्हणजे नोकरी, आणि नोकरी विसरण्यासाठीच तर मंडळ, असा बहुधा हिशेब असावा. यंदा संपादकांनी "काहीही लिहा, पण वेळेवर द्या" अशी सवलत दिली, तिचा फायदा घेऊन मी एका जुन्या पुस्तकाबद्दल लिहितो आहे. माझी नोकरीची जवळजवळ तीस वर्षं कारखान्यांत स्वयंचलित यंत्रं बसवण्यात गेली. तेव्हा हे पुस्तक मी इतिहासकार म्हणून नव्हे, तर पाना-पक्कडवाला म्हणून वाचलं, हे आधीच सांगून टाकतो.

शाळेत आपण युरोपाचं मध्ययुग 'तमोयुग' म्हणून शिकलो. रोम पडलं, अंधार झाला, हजारएक वर्षं लोक प्रार्थना आणि मारामाऱ्या करत बसले, आणि मग एके दिवशी इटलीत प्रबोधनाचा दिवा लागला. परीक्षेत पाच मार्कांना एवढं पुरत असे. जाँ गिम्पेल यांचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. त्यांचं पुस्तक १९७५ साली फ्रेंचमध्ये आलं. मूळ शीर्षकाचा अर्थ 'मध्ययुगातली औद्योगिक क्रांती'. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत 'द मिडीव्हल मशीन' या नावाने निघालं. अकराव्या ते तेराव्या शतकात पश्चिम युरोपात यंत्रांची, ऊर्जेची आणि उद्योगाची खरीखुरी क्रांती झाली, आणि तिच्याच पायावर पुढचा युरोप उभा राहिला, हा त्यांचा दावा.

गिम्पेल हे विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. पॅरिसमधले चित्रांचे व्यापारी रने गिम्पेल यांचे ते चिरंजीव. वडील १९४५ साली नाझींच्या नॉयनगामं छळछावणीत वारले. मुलगा गॉथिक चर्चं बांधणाऱ्या गवंड्यांच्या आणि सुतारांच्या प्रेमात पडला, आणि तिथून गिरण्या, खाणी, घड्याळं यांच्याकडे वळला. पंडिती पुस्तकांत सहसा न सापडणारी गोष्ट त्यामुळे या पुस्तकात सापडते : लेखकाला यंत्राचं मनापासून कौतुक आहे. चाक कसं फिरतं, दाते कसे बसतात, घण कसा उचलला जातो, हे सांगताना त्यांचे डोळे चमकत असावेत असं वाचताना सारखं वाटतं.

पुस्तकाची सुरुवात ऊर्जेपासून होते. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर १०८६ साली आपल्या राज्याची मोजदाद करवली, ती 'डूम्सडे बुक' म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वहीत किती पाणगिरण्या नोंदलेल्या आहेत? गिम्पेल आकडा देतात ५,६२४. (पुढे एच. सी. डार्बी यांनी केलेली मोजणी ६,०८२ पर्यंत जाते.) ज्या काळाला आपण अंधारयुग म्हणतो त्या काळात एका देशात, तोही सगळा मोजलेला नाही, साडेपाच हजारांहून जास्त यंत्रं दिवसरात्र फिरत होती! हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आता पाणगिरणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहिलेली असेल. तत्त्व तेच : वाहत्या पाण्याने चाक फिरवायचं आणि चाकाने दगड. युरोपात जास्त चाललं ते उभं चाक. चाक उभं आणि जात्याचा दगड आडवा, तेव्हा मध्ये काटकोनात एकमेकांत अडकणारी दोन लाकडी दातेरी चाकं घालावी लागतात. ही युक्ती रोमनांनाही ठाऊक होती, गिम्पेल ते लपवत नाहीत. मध्ययुगाने भर घातली ती पुढची. फिरत्या आसाला खुंट्या ठोकायच्या. आस फिरला की खुंटी हातोड्याचं शेपूट दाबते, हातोडा वर जातो, खुंटी सुटली की धाडकन खाली येतो. उखळात मुसळ पडावं तसा. एवढ्या एका युक्तीवर पाण्याकडून लोकरीचं कापड कुटून घट्ट करून घेता येतं, लोखंड ठोकून घेता येतं, कातडी कमावण्यासाठी झाडाची साल कुटता येते, आणि तेराव्या शतकापासून इटलीतल्या फाब्रियानोसारख्या गावी कागदासाठी चिंध्यांचा लगदाही करता येतो.

मराठीत आपण पिठाचीही गिरणी म्हणतो आणि कापडाचीही गिरणी म्हणतो. इंग्रजीतही दोन्हींना 'मिल'च. धान्य दळणाऱ्या चाकाला हातोडे जोडले आणि ते कापडाच्या कामाला लागलं, या आठशे वर्षांपूर्वीच्या घटनेची खूण इंग्रजी शब्दात राहिली, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत तीच जोडी आपल्याही शब्दात राहिली.

पुस्तकातली आणखी काही प्रकरणं अशीच झकास आहेत. तुलूझ शहरात गारोन नदीवर बांध घालून बझाकलच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांची मालकी हिश्श्यांत वाटलेली होती, हे हिस्से विकले-विकत घेतले जात. चौदाव्या शतकात त्यांची रीतसर कंपनी झाली, आणि ही परंपरा थेट १९४६ साली फ्रान्सने वीजउद्योगाचं राष्ट्रीयीकरण करेपर्यंत टिकली. शेअरबाजारात हात पोळलेल्या आपल्या मित्रांनी हे प्रकरण जरूर वाचावं. प्रदूषणावरचं प्रकरण तर १९७५ सालच्या मानाने फार पुढचं आहे. १२५७ साली इंग्लंडची राणी एलिनॉर नॉटिंगहॅमला राहायला गेली आणि दगडी कोळशाच्या धुराने हैराण होऊन गाव सोडून निघाली. १३०७ साली लंडनच्या चुनाभट्ट्यांत हा कोळसा जाळायला राजाने बंदी केली. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही, हे सांगायला नकोच.

इथवर कौतुक झालं. आता पेन्सिल हातात घेऊ.

पहिला प्रश्न 'क्रांती' या शब्दाचा. हा शब्द गिम्पेल यांनी हवेतून काढलेला नाही. इलेनोरा कॅरस-विल्सन या इंग्लिश इतिहासकार बाईंनी १९४१ साली एक निबंध लिहिला, त्यात कापड कुटायच्या पाणगिरण्यांमुळे तेराव्या शतकात इंग्लंडच्या कापडधंद्यात औद्योगिक क्रांती झाली अशी मांडणी होती. गिम्पेल यांनी तो धागा पकडून सगळ्या युरोपाला गुंडाळला. पण १०८६ सालच्या त्या हजारो गिरण्या कसल्या होत्या? जवळजवळ सगळ्या पिठाच्या. इंग्लंडात कापड कुटायच्या गिरण्यांची पहिली खात्रीची नोंद सापडते ती ११८५ साली, टेम्पलर पंथाच्या मालमत्तेच्या पाहणीत, म्हणजे डूम्सडेनंतर शंभर वर्षांनी. रिचर्ड होल्ट (१९८८) आणि जॉन लँगडन (२००४) यांनी इंग्लंडातल्या गिरण्यांचे जमाखर्च एकेक करून तपासले, अ‍ॅडम लुकास यांनी २००६ साली जगभरच्या गिरण्यांचा आढावा घेतला. चित्र निघतं ते असं : मध्ययुग संपेपर्यंत पिठाच्या गिरण्याच बहुसंख्य, उद्योगाच्या गिरण्या थोड्या.

का बरं? तंत्र तर हाताशी होतं. याचं उत्तर जमाखर्चातच आहे. गिरणी बांधायची तर बांध, पाट, चाक, दगड असा मोठा खर्च. तो करू शकणारा माणूस म्हणजे गावचा जमीनदार किंवा मठ. त्याला त्यातून उत्पन्न हवं. पिठाच्या गिरणीचं उत्पन्न बांधलेलं होतं, कारण त्याच्या कुळांनी त्याच्याच गिरणीत दळलं पाहिजे अशी सक्ती होती, आणि दळलेल्या धान्याचा ठरावीक वाटा गिरणीला जाई. आपल्याकडचं बलुतं आठवेल, पण फरक मोठा आहे. बलुतं कारागिराला मिळे, इथला वाटा शेवटी मालकाच्या कोठारात जाई. कापडाच्या गिरणीला अशी सक्तीची गिऱ्हाइकं मिळणं कठीण होतं आणि तिचं भाडंही तुटपुंजं येई. मग कोण कशाला बांधतो? यंत्र उपलब्ध आहे एवढ्याने ते पसरत नाही. ते कुणाला परवडतं आणि त्यातून कुणाला काय मिळतं, यावर त्याचं नशीब ठरतं. हे कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं. 'क्रांती' म्हटलं की मात्र ते विसरायला होतं.

यातून माझा दुसरा आणि मुख्य आक्षेप निघतो. गिम्पेल यंत्राकडे बघतात तेव्हा त्यांची नजर चाकावर असते. चाकाच्या मालकावर ती फार कमी वेळ टिकते. गिरण्यांवरून झालेले तंटे त्यांना माहीत नाहीत असं मुळीच नाही. पण ते तंटे त्यांच्या मांडणीचा कणा होत नाहीत, नुसत्या गमतीदार हकिगती होऊन राहतात. याच्या उलट, त्यांच्याच देशातल्या मार्क ब्लॉक या थोर इतिहासकाराने १९३५ साली पाणगिरणीवर एक निबंध लिहिला, त्यात हाच कणा आहे. ब्लॉक यांनी गिरणीबरोबर जात्याचाही इतिहास लिहिला. त्यातली सेंट ऑल्बन्सची हकिगत सविस्तर सांगतो. आपल्यापैकी जे लंडनच्या आसपास राहतात त्यांना हे गाव रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे.

सेंट ऑल्बन्सला मोठा श्रीमंत मठ होता आणि गावावर त्याचीच सत्ता. दळण मठाच्या गिरणीत आणायचं, घरी जातं ठेवायचं नाही, असा मठाचा आग्रह. गावाला तो मान्य नव्हता. हा झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालला. १३२७ साली राज्यात गोंधळ माजला होता, तेव्हा गावकऱ्यांनी मठाला वेढा घालून आपले हक्क लिहून घेतले आणि घरोघरी जाती बसवली. त्याच वर्षी मठाच्या गादीवर नवा मठाधिपती आला, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड.

हा रिचर्ड विलक्षण माणूस. बाप लोहार. पोरगा ऑक्सफर्डला शिकला, गणितात आणि खगोलशास्त्रात आपल्या काळातल्या इंग्लंडात त्याच्या तोडीचा माणूस शोधावा लागेल. अंगावर महारोग. त्याने मठासाठी एक घड्याळ योजलं. ते तास तर वाजवणारच होतं, शिवाय सूर्याचं आणि चंद्राचं आकाशातलं स्थान, ग्रहणं, हे सगळं दाखवणार होतं. चंद्राची गती एकसारखी नसते, ती दातेरी चाकांनी कशी साधायची याचा त्याने केलेला विचार पाहून आजचा यंत्र-अभियंताही टोपी काढेल. तिसरा एडवर्ड राजा मठात आला, तेव्हा चर्चची पडझड झालेली असताना या घड्याळावर एवढा खर्च कशाला, म्हणून त्याने टोकलं. माझ्यामागून येणारे चर्च दुरुस्त करतील, पण मी गेल्यावर हे घड्याळ पुरं करणारा कुणी मिळणार नाही, अशा अर्थाचं उत्तर रिचर्डने दिल्याचं मठाच्या बखरीत आहे. १३३६ साली तो वारला. घड्याळ पुढे पुरं झालं आणि मठ बरखास्त झाल्यावर नाहीसं झालं. त्याच्या हस्तलिखितावरून केलेली प्रतिकृती आज तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे.

गिम्पेल यांच्या लेखी यांत्रिक घड्याळ हे मध्ययुगाचं सर्वांत महत्त्वाचं यंत्र. त्यामुळे रिचर्डसारखा माणूस त्यांचा नायक ठरतो, आणि ते योग्यच आहे. पण याच रिचर्डने गावकऱ्यांना वाकवून त्यांची जाती जप्त केली आणि त्यांचे दगड आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. ज्या दगडांवर गावच्या बायका पहाटे पीठ दळत होत्या, त्या दगडांवरून मठाधिपती आणि त्यांचे पाहुणे ये-जा करू लागले. लोहाराच्या मुलाला हत्यार म्हणजे काय हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? कळत होतं, म्हणूनच त्याने ते पायाखाली घातलं.

पन्नास वर्षं ही फरशी तशीच राहिली. १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा वाटून घेतला. चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटावी तसा, असं मठाचाच बखरकार टॉमस वॉल्सिंगहॅम सांगतो. पन्नास वर्षांनंतर, म्हणजे ज्यांची जाती गेली त्यांची नातवंडं हे करत होती! बंड मोडलं गेलं आणि पुढारी फासावर गेले, हे ओघानेच आलं.

माझ्या मते मध्ययुगीन तंत्रज्ञानावरच्या कुठल्याही पुस्तकाची कसोटी ही आहे : ते घड्याळ आणि ती फरशी, दोन्ही एका माणसाची कामं म्हणून एका दमात सांगता येतात का? गिम्पेल यांना घड्याळ उत्तम सांगता येतं.

पाण्यावर हक्क असतो हे एक वेळ समजू. पण वाऱ्यावर? ज्या ११८५ सालच्या पाहणीचा उल्लेख वर आला, तिच्यातच यॉर्कशरमधल्या वीडली इथल्या पवनचक्कीची नोंद आहे. युरोपातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. त्यानंतर सहा वर्षांनी, ११९१ साली, बरी सेंट एडमंड्सच्या हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने आपल्या जमिनीत पवनचक्की उभारली. मठाधिपती सॅमसन संतापला. हर्बर्टचं म्हणणं, वारा सगळ्यांचा आहे, आणि मी फक्त माझं धान्य दळीन. मठाधिपतीचं म्हणणं, लोक तुझ्याकडे येतील आणि माझ्या गिरण्या बुडतील. शेवटी मठाची माणसं येण्याआधीच हर्बर्टने आपली चक्की स्वतःच उतरवून ठेवली. नवं तंत्र आलं की जुन्या उत्पन्नाचे मालक काय करतात, ते समजायला याहून छोटी गोष्ट नाही.

मात्र इथे एक पथ्य पाळायला हवं. जात्याचं उदात्तीकरण करून चालणार नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून दळत, त्यांच्या ओव्यांवर आज आपण भारावून बोलतो. पण गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा नि:श्वासच टाकला असेल. पाण्याचं चाक बाईच्या खांद्यावरचं ओझं खरोखरच उतरवतं. सेंट ऑल्बन्सच्या लोकांचा राग चाकावर नव्हता, सक्तीवर होता. गिरणीत जायचं की घरी दळायचं हे आपलं आपण ठरवावं, एवढंच त्यांचं मागणं. यंत्रविरोध आणि सक्तीविरोध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आजही आपण त्यांची गल्लत करतो.

गिम्पेल यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की तीन उद्योगांतल्या कामगारांवरचं त्यांचं प्रकरण याला अपवाद आहे, आणि ते पुस्तकातलं सर्वोत्तम आहे. द्वे या कापडाच्या गावचा झाँ ब्वानब्रोक नावाचा धनाढ्य व्यापारी १२८६च्या सुमारास मेला. आपण ज्यांचं बुडवलं त्यांना भरपाई द्यावी असं तो मरताना सांगून गेला होता. मग गाऱ्हाणी मांडायला माणसांची रांग लागली. विणकर, रंगारी, विधवा, चाळीसहून अधिक जण. त्या गाऱ्हाण्यांची गुंडाळी आजही टिकून आहे. यंत्राखाली दबलेल्या माणसाचा आवाज इतक्या जुन्या काळातून क्वचितच ऐकू येतो. हीच नजर गिम्पेल यांनी ऊर्जेच्या प्रकरणात ठेवली असती तर पुस्तकाची उंची वेगळी झाली असती.

तिसरा आक्षेप नकाशाचा. या पुस्तकात चीन, अरब आणि भारत यांना फार थोडी जागा आहे. इथे लिन व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाचं 'मिडीव्हल टेक्नॉलॉजी अँड सोशल चेंज' (१९६२) हे आधीचं पुस्तक सरस ठरतं. व्हाइट यांचेही दोष आहेत. घोड्याच्या रिकिबीमुळे युरोपात सरंजामशाही आली, अशी त्यांची उडी होती. सॉयर आणि हिल्टन या दोघांनी १९६३ सालीच तिची चिरफाड केली. पण व्हाइट यांची नजर पूर्वेकडे होती. तेराव्या शतकातल्या व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत आपोआप, कायम फिरत राहणाऱ्या चाकाचं चित्र आहे. ओळंबणारे विषम संख्येचे हातोडे किंवा पारा यांच्या जोरावर ते फिरेल अशी त्याची कल्पना. गिम्पेल यांनी व्हिलारला अख्खं प्रकरण दिलं आहे. व्हाइट विचारतात, ही कल्पना आली कुठून? आणि ते बोट दाखवतात आपल्या भास्कराचार्यांकडे. 'सिद्धान्तशिरोमणी'त, म्हणजे ११५०च्या सुमारास, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या स्वयंवह चाकाचं वर्णन आहे. तीच कल्पना अरबी हस्तलिखितांतही सापडते.

भास्कराचार्य म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतले. चाळीसगावजवळ पाटणे इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तेव्हा आता छाती फुगवायला हरकत नाही, असं कुणाला वाटेल. थोडं थांबा. एक तर ब्रह्मगुप्ताने पाचशे वर्षं आधी असंच चाक सांगितलं होतं. दुसरं, व्हाइट यांचा मार्ग साम्यावरून काढलेलं अनुमान आहे, हातात वाटखर्चाची पावती नाही. आणि तिसरं, इंजिनिअर मंडळी जाणतातच, ते चाक फिरत नाही! ना भास्कराचार्यांचं, ना व्हिलारचं. पण फिरणाऱ्या चाकाइतकंच न फिरणारं चाकही देशोदेशी हिंडलं, ही गोष्टच किती सुरेख आहे.

चरख्याचंही तसंच. युरोपात तो तेराव्या शतकात दिसू लागतो, आणि तो पूर्वेकडून आला यावर बहुतेकांचं एकमत आहे. भारतातला त्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इरफान हबीब यांनी दाखवला तो इसामीच्या १३५० सालच्या फारसी काव्यात, आणि इसामी राहत होता दौलताबादला. "सगळं आमच्याकडे आधी होतं" आणि "सगळं युरोपाने केलं" ही दोन्ही वाक्यं आपल्या मैफलींत आळीपाळीने ऐकू येतात. दोन्ही बोलणाऱ्यांनी हे चाक आणि हा चरखा एकदा समोर ठेवावा.

शेवटचा आक्षेप भविष्यवाणीचा. मध्ययुगाची भरभराट १३००च्या सुमारास थांबली, मग १३१५चा दुष्काळ, १३४७ची प्लेगची साथ, असं सांगून गिम्पेल म्हणतात की १९७०च्या दशकातला पश्चिमेचा समाज याच टप्प्यावर आला आहे, आणि आता समाजाची रचना बदलणारे मूलभूत शोध लागणार नाहीत. १९७३चं तेलसंकट ताजं होतं, तेव्हा असं वाटणं समजू शकतं. पण नेमक्या १९७५ ते १९७७ या वर्षांत घरगुती संगणक बाजारात येत होता! आपल्यापैकी निम्म्यांची घरं ज्या शोधावर चालली, तो या पुस्तकाची शाई वाळायच्या आत जन्मला. शिवाय त्यांचा मध्ययुगाचा दाखलाही पुरता बसत नाही. प्लेगने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं नेली, त्यानंतर शंभर वर्षांत झोतभट्टी पसरली आणि मेंझला गुटेनबर्गचा छापखाना सुरू झाला. ऱ्हासाचा आलेख इतका सरळ नसतो.

एवढे आक्षेप घेऊनही हे पुस्तक वाचा असंच मी म्हणेन. आणि त्याच्या शेजारी फ्रान्सिस आणि जोसेफ गीज या अमेरिकन दांपत्याचं 'कॅथीड्रल, फोर्ज अँड वॉटरव्हील' (१९९४) ठेवा. त्यात गिम्पेल यांची झिंग नाही, पण चीन आणि अरबांचं देणं नीट मांडलेलं आहे, आणि 'क्रांती' हा शब्द जपून वापरलेला आहे. आधी गिम्पेल वाचून यंत्राच्या प्रेमात पडावं, मग गीज वाचून भानावर यावं, हा क्रम बरा.

आता या सगळ्याचं आपल्याला काय? गेली दोन-तीन वर्षं मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, चहाच्या रांगेत, एकच विषय असतो : 'एआय'मुळे कुणाची नोकरी जाणार. मुलांना काय शिकवावं, हा त्याचा पुढचा भाग. या गप्पांत आपण यंत्राला काय काय येतं याची चर्चा तासन्‌तास करतो, कारण ती आपल्याला आवडते आणि जमते. आपण बहुतेक जण यंत्र बनवणाऱ्या, बसवणाऱ्या बाजूचे. रिचर्डच्या बाजूचे म्हणा हवं तर. पण यंत्र कुणाच्या मालकीचं, ते वापरण्याची सक्ती कुणावर, आणि न वापरण्याची मोकळीक कुणाला, हे प्रश्न मात्र आपण "ते मॅनेजमेंटचं काम" म्हणून सोडून देतो. गिम्पेल यांच्या पुस्तकातली उणीव मला इतकी टोचली ती यासाठी, की ती आपल्या सगळ्या व्यवसायाची उणीव आहे.

आपली मुलं इथल्या शाळांत मध्ययुग शिकतात, सहलीला किल्ले आणि कॅथेड्रलं पाहून येतात. यंदाच्या सुट्टीत त्यांना सेंट ऑल्बन्सला न्या. घड्याळाची प्रतिकृती दाखवा, चंद्राचं चाक कसं फिरतं ते आपल्या ज्ञानाप्रमाणे समजावून सांगा. आणि ते सांगून झालं की त्या फरशीबद्दलही सांगा. ती तिथे आता दिसत नाही, तेव्हा ती आपल्यालाच सांगावी लागेल.